घाबरलेल्याला एकटे सोडू नये



गुरुग्रामच्या शीतला माता मंदिरात चैत्रात मोठी गर्दी असते. लेकरांचे जावळ काढायला दूरदूरहून कुटुंबे येतात. आपल्या मराठीत तर रोगाचे नावही देवी आणि लस घेणे म्हणजेही ‘देवी टोचणे’. आजीच्या दंडावरचा तो गोल व्रण मी लहानपणी बोटाने चाचपत असे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाले. मातेपुढची रांग मात्र तशीच आहे. श्रद्धा आणि लस एकाच घरात सुखाने नांदतात, ते असे.

मग काही घरांतून आजही नकार का येतो?

पहिले कारण, रोग दिसेनासा झाला. पोलिओने पाय गेलेले मूल आज गल्लीत दिसत नाही; सुई आणि त्यानंतरचा ताप मात्र दिसतो.

दुसरे कारण, जुनी जखम. आणीबाणीतील सक्तीची नसबंदी दिल्ली आणि आसपासच्या लोकांनी भोगली. पुढे पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते ही अफवा पश्चिम उत्तर प्रदेशात पसरली. अफवा खोटी होती, पण तिच्यामागची भीती खरी होती.

तिसरे कारण आपण स्वतः. आमच्या सत्संगातील एका काकूंनी नातवाला गोवराची लस द्यायला नकार दिला. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. चारचौघांत आकडे ऐकवले आणि वर हसलो. काकू सत्संगाला यायच्या बंद झाल्या. मग एक ताई त्यांच्या घरी गेल्या आणि एवढेच विचारले, “काकू, भीती कशाची वाटते?” काकूंच्या मुलाला लहानपणी सुईनंतर तापात आकडी आली होती. ती रात्र त्या विसरल्या नव्हत्या. ताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, शेजारी बसून राहिल्या. नातवाला लस मिळाली. माझ्याशी बोलायला काकूंना आणखी सहा महिने लागले.

समाजानेही हाच मार्ग धरला तेव्हा यश आले. २००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण आढळले, त्यांपैकी बहुतेक उत्तर प्रदेशात. मग मशिदींतून आवाहने झाली, अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया इस्लामिया पुढे आले, वस्तीतल्याच स्त्रिया घरोघरी गेल्या. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला.

कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी म्हटले. ते योग्यच आहे. पण जिथे सक्ती संपते तिथे आपली सेवा सुरू होते. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधीच्या तान्ह्या बाळाची ढाल आपणच असतो. शेजारच्या बाळाचे हे देणे आपल्या खात्यावर आहे.

म्हणून जाणूनबुजून खोटे पसरवणाऱ्याला ठामपणे अडवावे. घाबरलेल्याला मात्र जवळ घ्यावे. या आठवड्यात लसीला ‘नको’ म्हणणाऱ्या एका घरी जाऊया. आधी ऐकूया, मग बोलूया, आणि ते तयार झाले तर आरोग्य केंद्रापर्यंत सोबत चालूया.

एवढी सेवा आपल्या हातून घडो, हीच प्रार्थना.