हौस आणि बिदागी

खेळाचे पैसे घेतले की खेळ बाटतो, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. आर्थर ॲशच्या एका विजयाने ती पार मोडली.

हा निग्रोवंशीय अमेरिकन तरुण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकला. १९६५ साली तो अमेरिकेच्या महाविद्यालयीन टेनिसमधला एकेरीचा विजेता ठरला. पदवीनंतर सैन्यात गेला. १९६८ साली फॉरेस्ट हिल्सवर पहिल्या खुल्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने हॉलंडच्या टॉम ऑकरला पाच सेटमध्ये हरवले. पण ॲश पडला हौशी! बक्षिसाचे १४,००० डॉलर मिळाले हरलेल्या ऑकरला. जेत्याला रोजचा २० डॉलर भत्ता! पुढे ॲशही धंदेवाईक झाला आणि १९७५ साली विम्बल्डन जिंकला.

आता सांगा, पैसे घेणारा ऑकर काय कमी जिद्दीने झुंजला? आमच्या गावचे कीर्तनकारबुवा बिदागी घेत. म्हणून आख्यान ऐकताना आमच्या डोळ्यांत आलेले पाणी खोटे नव्हते. निव्वळ हौस पोट भरलेल्यालाच परवडते. तेव्हा बिदागी खुशाल घ्यावी. मात्र ती नसती, तरी शेवटचा चेंडू आपण तितक्याच निष्ठेने मारला असता का, हे ज्याचे त्याने मनाला विचारावे.

ॲशने तो तसा मारला होता.