दाराची कडी

आमच्याकडचा माणूस परगावी गेला आणि गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास येतं : "आमचा जिल्हा प्रतिसरकारचा." मीही ते म्हणतो. प्रतिसरकार म्हणजे इंग्रजांच्या अमलातच गावोगाव उभं राहिलेलं लोकांचं समांतर सरकार. मग यादी सुरू होते. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलची तुफान सेना, जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची आगगाडी. त्याच जुलैत सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा. 14 एप्रिल 1944 ला लुटलेला धुळ्याचा खजिना. सांगताना आवाज चढतो. त्यात तुझं काय, असं मला कुणी विचारत नाही, आणि मीही स्वतःला विचारत नव्हतो.

ते विचारायला लावलं एका पोलिश चित्रपटानं. आंद्रे वायदा यांचा 'पोकोलेन्ये', म्हणजे 'पिढी'. 1955 चा, त्यांचा पहिलाच. जर्मनांच्या ताब्यातलं वॉर्सा, गाडीवरचा कोळसा चोरणारी पोरं, सुतारकाम शिकणारा स्ताख आणि भूमिगत चळवळीत ओढले गेलेले त्याचे सोबती. काळ 1943 चा, म्हणजे शेणोलीची गाडी अडली तेव्हाचाच. स्ताखमध्ये मला कुंडलची पोरं दिसतील असं वाटलं होतं. दिसलीही. पण मनातून हलेना तो याशो.

याशो चळवळीत यायला का-कू करतो. घरी म्हातारा बाप आहे, हाताला काम आहे. तिकडे ज्यूंना कोंडलेला घेट्टो पेटलेला असताना त्याचा ज्यू मित्र अब्राम आसरा मागायला येतो. याशो त्याला ठेवून घेत नाही. अब्राम वाद न घालता निघतो. मग याशो त्याला हाका मारत धावतो, पण उशीर झालेला असतो. पुढे हाच याशो घेट्टोतल्या लोकांच्या मदतीला जातो. जर्मन मागे लागतात, तो जिना चढत सुटतो, वर वाट बंद असते, आणि तो खाली उडी घेतो. पडद्यावर त्याचं मरण शूराचं आहे. मला मात्र आधीचं ते दार जास्त ओळखीचं वाटलं.

कारण प्रतिसरकार उभं राहिलं ते दारांवरच. बंदुका थोड्या होत्या, घरं पुष्कळ होती. रात्री-बेरात्री भूमिगत कार्यकर्ते कडी वाजवायचे. भाकरी, कोरड्यास, घोंगडं मिळायचं, पहाटेआधी पाहुणे निघून जायचे. पकडले गेले तर मार खायचा तो घरातल्यांनी. आणि धोका दारापुरताच नव्हता. नानांची मुलगी हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर सोबत्याशी नवरा-बायकोचं खोटं भांडण लावलं. पोलीस ते सोडवायला धावले आणि इकडे साथीदारांनी चौकीतली हत्यारं उचलली. भांडण खोटं होतं, मार मात्र खरा खावा लागला. त्या तेव्हा विशीतही नव्हत्या.

आता माझ्या घराची कडी वाजली तर? पोरं झोपलेली, नोकरीची काही वर्षं उरलेली, कर्जाचा हप्ता चालू. खरं सांगायचं तर मी आधी दिवा मालवीन. हे मी अंदाजानं बोलत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत एखादा उठून हिशेब विचारतो, चहूकडून "मंजूर, मंजूर" असा गलका होतो आणि तो एकटा पडतो. तेव्हा मी अहवालाची पानं चाळत बसतो. बाहेर चहाच्या गाड्यावर त्याला गाठून सांगतो, "तुझं बरोबर होतं बरं का." ही माझी आजची दाराची कडी.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकार-दरोडेखोरांना जरब बसवली, कमी खर्चात गांधी विवाह लावले. फितुरांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर काठ्याही ओढल्या. हा भाग मी हसत हसत सांगतो, ऐकणारेही हसतात. त्या काळात दुसरा इलाज काय होता, हे मला कळतं. इंग्रजांचं कोर्ट कुणासाठी होतं तेही माहीत आहे. पण हसू कशाचं येतं? ज्याच्या पायावर काठी पडली त्याला वरचं कोर्ट नव्हतं, आणि त्याचीही नातवंडं याच गावांत राहतात. मन चाचपून पाहिलं तर एक नको ते हाती लागतं : चार लोकांच्या घोळक्यात उभं राहून काठी हातात घेणं मला जमलं असतं. एकट्यानं कडी काढणं जमलं नसतं. चळवळीच्या नावानं मी यातलं सोपं तेच काम निवडलं असतं, आणि वर त्यालाच शौर्य म्हटलं असतं.

वायदा स्वतः तरुणपणी होम आर्मी या पोलंडच्या बिगर-कम्युनिस्ट भूमिगत सैन्यात होते. तरी 'पोकोलेन्ये'मध्ये सत्तेला रुचणाऱ्या कम्युनिस्ट गटाचाच गौरव झाला, होम आर्मी वाईट रंगात आली. दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, त्यांनी 'कनाऊ' काढला. 1944 च्या वॉर्सा उठावात गटारांतून वाट शोधत मरणारे होम आर्मीचे सैनिक त्यात आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा, वगळलेल्यांसकट सांगता येते.

मलाही यादी नव्यानं सांगायला हवी. शेणोलीच्या गाडीबरोबर भाकरी देणारी ती घरं यायला हवीत, काठीची गोष्ट न हसता यायला हवी. आणि पुढच्या सभेत जे म्हणायचं ते चहाच्या गाड्यावर नव्हे, सभेतच म्हणायला हवं. जमेल का, ठाऊक नाही. तोवर "आमचा जिल्हा प्रतिसरकारचा" हे मी जरा हळू आवाजात म्हणेन.