पशुरोग, वध आणि प्रमाद

सन 2007 च्या जुलै महिन्यात वेल्समधील स्कंद व्हेल नामक मठात पाळलेल्या शंभो या काळ्या बैलासंबंधाने न्यायासनासमोर जो वाद उपस्थित झाला, तो कायद्याच्या दृष्टीने किरकोळ असला, तरी धर्मविचाराच्या दृष्टीने तितका किरकोळ नव्हता. क्षयाच्या त्वचापरीक्षेत हा बैल बाधित ठरला होता आणि सरकारी नियमानुसार त्याचा वध अपरिहार्य होता. उलट मठवासीयांचे म्हणणे असे की, त्यास आम्ही इतर गुरांपासून वेगळा ठेवू, त्याची शुश्रूषा करू, परंतु देवळाच्या आवारातील जिवाचा प्राण घेऊ देणे हे आमच्या उपासनेच्या मुळावरच घाव घालण्यासारखे आहे. कार्डिफच्या न्यायालयाने प्रथम सरकारचा हुकूम रद्द केला. आठवडाभरात अपील न्यायालयाने तो पुनश्च कायम केला. आणि 26 जुलै रोजी पोलिसांच्या बंदोबस्तात बैलास मठातून नेऊन त्याचा अंत करण्यात आला.

त्या वेळी या प्रकरणाकडे श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा सामना म्हणून पाहिले गेले, ते मला उथळ वाटते. मठवासी समोर उभ्या असलेल्या एका जिवाची बाजू घेत होते, तर सरकार दृष्टीआडच्या असंख्य कळपांची; म्हणजे जीवरक्षणाचा दावा दोन्ही पक्षांचा होता. खरा प्रश्न याहून बिकट आहे. दुसऱ्यांच्या हितासाठी निरपराध प्राण्याचा जीव घेण्याचा अधिकार मनुष्यास कोठून प्राप्त होतो, आणि तशी वेळ ज्याच्या कर्तव्यच्युतीमुळे आली, त्याच्या पदरी या हत्येचा किती वाटा पडतो?

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा फार मोठ्या अधिकाराच्या पुरुषाने केलेली आहे. अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने पिसाळण्याच्या भीतीने साठ भटकी कुत्री मारविली, तेव्हा 1926 साली गांधीजींनी त्या कृत्याचे समर्थन केले. पुढे 1928 साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासरास सुई टोचवून मरण देवविले, आणि संतप्त पत्रांचा वर्षाव सोसला. या दोन उदाहरणांत जो भेद आहे तो ध्यानात घेतला पाहिजे. वासराचा वध त्याच्या स्वतःच्या दुःखमुक्तीसाठी होता. कुत्र्यांचा वध इतरांच्या रक्षणासाठी होता. परंतु संसर्गाच्या भीतीने, शेजारच्या गोठ्यात रोग निघाला एवढ्याच कारणास्तव, जे धडधाकट जनावर मारले जाते, ते ना वेदनेने तळमळत असते, ना कोणाच्या अंगावर धावून जात असते. त्याच्या वधाचे समर्थन या दोहोंपैकी कोणत्याही दृष्टान्ताने पुरते होत नाही.

अशा वधाची परंपरा युरोपात जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बुळकांडीने इटलीतील गुरे पटापट मरू लागली, तेव्हा पोप अकरावा क्लेमेंट याचा राजवैद्य लान्चिसी याने, औषधांच्या नादी न लागता रोगट व संशयित गुरे मारून पुरावीत, असा सल्ला दिला. तो सल्ला निष्ठुर होता, पण त्या काळी दुसरा उपाय कोणापाशी नव्हता. बुळकांडी काय करू शकते याची साक्ष पुढे आफ्रिकेने दिली: 1887 च्या सुमारास इटालियन फौजेच्या रसदीच्या गुरांबरोबर मस्सावा बंदरात उतरलेला हा रोग दहा वर्षांच्या आत दक्षिण टोकापर्यंत पोहोचला, वाटेतील गोधनाचा बहुतांश त्याने फस्त केला, आणि इथिओपियात बैलांवाचून जमिनी पडीक राहून जो दुष्काळ पडला त्यात माणसांचेही कळप गुरांच्या मागोमाग गेले. 1920 साली हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जममध्ये तोच रोग पसरला, तेव्हा युरोपीय राष्ट्रांचे डोळे उघडले. परिणामी 1924 च्या जानेवारीत 28 राष्ट्रांनी पॅरिस येथे पशुरोगांची आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन केली. या कचेरीचे पहिले काम औषध देण्याचे नव्हते, वध करण्याचेही नव्हते. कोठे कोणता रोग निघाला याची वर्दी सर्वांस तत्काळ पोहोचविणे, एवढेच ते होते.

हे काम दिसावयास कारकुनी आहे, परंतु माझ्या मते या सर्व व्यवहारातील अहिंसेचा वाटा तेथेच आहे. जैन आचार्य, तत्त्वार्थसूत्रकार उमास्वातींनी हिंसेचे लक्षण सांगताना केवळ प्राणहरणावर भर न देता प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला, त्यात अग्रस्थान दिले. शस्त्र हाती न घेताही मनुष्य हिंसक होऊ शकतो, हा त्याचा अर्थ. आणि पशुरोगांच्या इतिहासात हा अर्थ जितका उघडा पडतो, तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल.

2001 सालच्या ब्रिटनकडे पाहावे. लाळ-खुरकताच्या त्या साथीचा उगम नॉर्थंबरलंडमधील एका वराहपालनाच्या ठिकाणी मानला गेला. तेथील मालकाने रोगाची वर्दी दिली नाही, याबद्दल पुढे न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. त्या मौनाच्या काळात हेक्सम व लाँगटाऊनच्या बाजारांतून मेंढ्या देशभर गेल्या होत्या. त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे: 60 लाखांहून अधिक जनावरे मारली गेली, त्यांतील कित्येक तर रोगी गोठ्याच्या शेजारी असण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही अपराधाविना, आणि शेतांतून प्रेतांच्या चिता दिवसेंदिवस जळत राहिल्या. खुद्द लाळ-खुरकताने प्रौढ जनावर सहसा मरत नाही. मग एवढा संहार का? तर लस टोचलेले जनावर आणि रोगातून उठलेले जनावर यांतील भेद रक्तपरीक्षेत सहज कळत नसे, आणि लसीविना रोगमुक्त असा दर्जा गमावलेल्या देशाचे मांस श्रीमंत बाजारपेठा घेत नसत. त्याच साली हॉलंडने साथ रोखण्यासाठी जनावरांना लस टोचली, साथ रोखली, आणि नंतर ती लस टोचलेली जनावरेही मारून टाकली. साथीच्या आणीबाणीतील वधास आपद्धर्म म्हणता येईल. निर्यातीचा दर्जा लवकर परत मिळावा म्हणून केलेल्या वधास ते नाव देणे म्हणजे धर्मशास्त्राकडून खोटा दाखला लिहवून घेणे होय.

आपण मात्र या बाबतीत परदेशीयांकडे बोट दाखवून स्वतःस पुण्यवान समजू नये. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू निघाला तेव्हा लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. त्या वेळी अहिंसेचा विषय कोणी फारसा काढल्याचे स्मरत नाही. 2022 साली अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी रोगाने गुरे ग्रासली तेव्हा आपण गाय मारली नाही. बाजार बंद केले, वाहतूक अडविली, पोळ्यावर निर्बंध घातले, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली. हे योग्यच झाले. परंतु देशभरात लाखाहून अधिक गुरे त्या रोगाने मेली. आपण मारले नाही, म्हणून त्या मृत्यूंशी आपला संबंध नाही, असे म्हणणे प्रमादाच्या कसोटीवर टिकत नाही. कारण हा रोग ओडिशात 2019 सालीच दिसला होता, म्हणजे सावध होण्यास अवधी मिळाला होता. पांजरपोळाच्या पुण्यकार्यालाही हीच कसोटी लागते. 1834 पासून मुंबईत चालत आलेल्या या संस्थेविषयी मला आदर आहे, पण रोगी व निरोगी जनावरे एकाच कुडात कोंडणारी दया ज्या कोणत्या ठिकाणी असेल, तेथे तिच्या हातून खाटकाहून कमी मृत्यू होतील अशी खात्री देता येत नाही.

बुळकांडीचा अंत कसा झाला, हे या दृष्टीने मननीय आहे. या रोगाच्या अभ्यासासाठी 1889 साली पुण्यात स्थापलेली प्रयोगशाळा पुढे 1893 मध्ये, संसर्गाचा धोका लोकवस्तीस नको म्हणून, कुमाऊंतील मुक्तेश्वरच्या डोंगरावर हलविण्यात आली. तेथे शेळ्यांच्या शरीरातून नेऊन सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली. 1954 पासून देशव्यापी मोहीम चालली. शेवटची अवस्था सर्वांत विलक्षण होती. रोग दिसेनासा झाल्यावर लस टोचणे थांबवावयाचे, आणि मग खेडोखेडी, गुरांच्या वाटांनी, बाजारांतून, नसलेल्या रोगाचा वर्षानुवर्षे शोध घेत राहावयाचे. रोग दिसत नाही आणि रोग नाही, या दोन विधानांतील अंतर केवळ दक्षतेनेच ओलांडता येते. भारतातील अखेरचा रुग्णपशू 1995 साली नोंदला गेला, 2006 मध्ये देश संसर्गमुक्त ठरला, आणि 2011 साली सर्व जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा झाली. मानवाने समूळ नष्ट केलेला, देवीनंतरचा, हा दुसराच रोग. आणि त्याच्या निर्मूलनात सुरीपेक्षा सुईचा व दप्तराचा वाटा कितीतरी मोठा होता.

आता उरतो तो न्यायाचा प्रश्न. पॅरिसच्या त्या संस्थेचे सभासद आज 180 हून अधिक देश आहेत, आणि विशिष्ट रोगांची खात्री पटताच 24 तासांत खबर देण्याचे बंधन त्यांवर आहे. परंतु जो देश प्रामाणिकपणे खबर देतो, त्याचा व्यापार त्याच दिवशी बंद पडतो. जो लपवितो, त्याचा काही दिवस तरी चालतो. गावातही तेच. आपल्याकडील 2009 च्या कायद्याने जनावराच्या मालकावर ग्रामपंचायतीस किंवा गावच्या अंमलदारास वर्दी देण्याची जबाबदारी टाकली आहे. परंतु वर्दी दिल्याने दूध विकले जाणार नाही, बाजार बंद होईल, अशी धास्ती असलेल्या गरीब शेतकऱ्याकडून केवळ कायद्याच्या धाकाने सत्याची अपेक्षा करणे हे राज्यकर्त्यांस शोभत नाही. ज्या समाजाला आपल्या अहिंसेचा अभिमान आहे, त्याने वर्दी देणाऱ्याची नुकसानभरपाई विलंब न लावता चुकती करण्याची तजवीज आधी करावी, आणि मगच गोठ्यातील गाठ लपविणाऱ्यास पापी म्हणावे.