आणलेल्या जिवाची सावली

आमच्या नायगावकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो. लिंबाला त्याचं काही वाटत नाही. खोल मुळं घालून तो आपली ओल आपणच शोधतो. ऑर्किडचं तसं नाही. ते मूळचं रानातल्या झाडांच्या फांदीवर, सावलीत राहणारं. इथं नारळाच्या सालीत नाहीतर कोळशात बसवलेलं, मुळं उघडी. पॉलिहाऊसमधी ऊन कोंडलं की पान आधी पांढुरकं पडतं, मग तपकिरी. पोळलेली जागा परत हिरवी होत नाही. मग शेडनेट ओढा, पंखे लावा, फॉगर चालवा.

फॉगरला पाणी लागतं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं शेजारच्या लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं. अशा साली बोअरचं पाणी फुलाला द्यावं का गुरांना? गुरांना, यात वाद नाही. पण ऑर्किड काही आपल्या पायानं इथं आलं नाही. आपण आणलं, आपणच प्लास्टिकच्या घरात ठेवलं. त्याचं पोळणं आपल्याच खात्यावर.

म्हणून हिशेब रोपं मागवतानाच करावा, अन् तोही भरलेली नाही, आटलेली विहीर बघून. तिच्यावर निभतील तेवढीच आणावीत. सावली देणं होत नसल, तर जीव आणू नये.