लगीन लागलं हे सांगणार कोण?

गेल्या वर्षी ताईनं घरात सांगितलं की तिचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं होणार. आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. खर्च वाचणार म्हणून बाबा खूश झाले, पाहुणे काय म्हणतील म्हणून आई काळजीत पडली. आजी मात्र थेट मुद्द्यावर आली. "भटजी न्हाईत? मग लगीन लागलं हे सांगणार कोण?"

मी हसलो. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. एखादा विधी खरा कशानं होतो? तो जुना असतो म्हणून, की करणाऱ्याला अधिकार असतो म्हणून?

त्याच दिवसांत मी ड्रुइडांबद्दल वाचत होतो. गेममधला ड्रुइड म्हणजे झाडांशी बोलणारा दाढीवाला जादूगार. खरे ड्रुइड हे प्राचीन केल्टिक समाजातले पुरोहित, न्यायाधीश आणि गुरू. ज्युलियस सीझर लिहितो की त्यांचे काही शिष्य वीस-वीस वर्षं पाठांतर करत. ही विद्या लिहून ठेवायची नाही असा दंडक होता. त्यांचा निवाडा न मानणाऱ्याला धर्मविधी बंद होत आणि लोक त्याच्याशी बोलणंही टाळत. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात.

विद्या तोंडीच ठेवली की ती मोजक्यांच्या ताब्यात राहते. पण ती तोंडं बंद झाली की विद्याही जाते. इसवी सन ६०च्या सुमारास रोमन सैन्यानं वेल्सजवळच्या अँगलसी बेटावरच्या त्यांच्या देवराया तोडल्या. आज ड्रुइडांचा स्वतःचा एकही ग्रंथ नाही.

मग आजचे ड्रुइड आले कुठून? १७९२ साली आयोलो मॉर्गनुग नावाच्या वेल्श पाथरवटानं लंडनमधल्या एका टेकडीवर दगडांचं रिंगण मांडून कवींचा सोहळा केला. ही ड्रुइडांपासून चालत आलेली परंपरा आहे, असं त्यानं सांगितलं. त्यासाठीचं जुनं साहित्य त्यानं स्वतःच रचलं होतं. पुढे बनाव उघडा पडला, तरी तो सोहळा वेल्समध्ये आजही होतो आणि त्यात वेल्श भाषेतल्या कवींचा सन्मान होतो.

अधिकाराचं भांडण आपल्याकडेही झालं. १८३०च्या दशकात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वेदोक्त विधींचा अधिकार आहे का, यावरून वाद पेटला होता. विरोधकांत सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन होते. शिवाजी महाराजांच्या वंशजालाही मंत्रासाठी झगडावं लागलं! १८७३ साली सत्यशोधक समाज काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी तो अधिकार मागितलाच नाही. त्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. त्यांनी मराठीत मंगलाष्टकं लिहिली, नवरा-नवरीला समजतील अशी. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात याच भागात कमी खर्चाची 'गांधी लग्नं' लागली. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता.

आयोलो म्हणाला, हे जुनं आहे म्हणून माना. फुले म्हणाले, हे नवं आहे, समजून घ्या. मला दुसरी वाट जास्त प्रामाणिक वाटते. विधी नवा असणं हा दोष नाही. नव्याला जुन्याचं सोंग देणं हा दोष आहे.

पण एवढ्यानं आजीचा प्रश्न सुटत नाही. तिच्या पिढीतल्या बाईला नवऱ्यानं टाकलं, तर 'लग्न लागलं होतं' हे सांगायला चारचौघांसमोर म्हटलेले मंत्रच होते. तिला भीती देवाची नव्हती, एकटं पडण्याची होती. हे मला उशिरा कळलं. मंत्र बदलता येतात, पण त्या बाईमागे उभी राहणारी माणसं नसतील तर कुठलाच विधी खरा नाही, अगदी मराठीतला आणि समजणारासुद्धा.

लग्नात सगळ्यांच्या हातात फुलं दिली होती. आजीनं पदराला अक्षता बांधून आणल्या होत्या. मी काही बोलणार, तेवढ्यात ताईनं डोळ्यांनीच थांबवलं. फुलांबरोबर अक्षताही पडल्या.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी खोचकपणे विचारलं, "भटजीबिगर लगीन लागलं व्हय?"

"लागलं की," आजी म्हणाली. "आमी सगळी हुतो न्हवं तितं."