दुसऱ्या गाडीचा हिशेब

१२ मे २००२, ऑस्ट्रियन ग्रां प्री. फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो जवळजवळ पूर्ण रेस पुढे होता. फिनिश लाइन समोर दिसत असताना त्याने गाडी हळू केली आणि त्याच्याच टीमचा मायकल शूमाकर बाजूने निघून जिंकला. आदेश टीमकडून रेडिओवर आला होता. आपण कित्येक लॅप त्यावर वाद घातला, असं बॅरिकेलोने नंतर सांगितलंय. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ओशाळलेल्या शूमाकरने पोडियमवर बॅरिकेलोला ओढून पहिल्या पायरीवर उभं केलं.

पुढची गंमत बघा. फेरारी आणि दोन्ही ड्रायव्हर्सना दहा लाख डॉलर्सचा दंड झाला, त्यातला अर्धा स्थगित. पण जागा सोडायला लावली म्हणून नाही. तसं करू नका असा नियमच तेव्हा नव्हता. दंड झाला तो पोडियमचा शिष्टाचार मोडला म्हणून. म्हणजे त्या दुपारी जी एकच गोष्ट थोडीफार खरी होती, तिच्यावर कारवाई झाली.

त्या सीझननंतर टीम ऑर्डर्सवर बंदी आली, आणि टीम्स आडून बोलायला शिकल्या. २०१० मध्ये हॉकेनहाइमला फेलिपे मासाला फक्त एवढंच कळवलं गेलं की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे. मासा काय ते समजला. फेरारीला एक लाख डॉलर्सचा दंड झाला आणि २०११ पासून बंदीच काढून टाकली.

अमरावतीला इंजिनिअरिंग करताना होस्टेलवर या विषयावर रात्र-रात्र भांडणं व्हायची. अकोल्याचा माझा एक मित्र ठाम होता: "गाडी टीमची, पगार टीमचा, मंग टीम म्हनन तसं करा लागन ना बाप्पा!" हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण ऑस्ट्रियाचे गुण मांडून बघा. तेव्हा पहिल्याला दहा, दुसऱ्याला सहा गुण मिळायचे. दोघांपैकी कोणीही पहिला आला असता तरी फेरारीचे गुण सोळाच. टीमच्या खात्यात एका गुणाचीही भर पडली नाही. चार गुण एका माणसाच्या खात्यातून निघून दुसऱ्याच्या खात्यात गेले, एवढंच. आणि तेही ज्याला गरज नव्हती त्याच्या. शूमाकरने त्या वर्षी जुलैमध्येच, सहा रेस बाकी असताना, चॅम्पियनशिप खिशात घातली.

आम्हा वऱ्हाडी पोरांसाठी शर्यत म्हणजे आधी शंकरपट. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. छकड्याला दोन बैल, वर धुरकरी, आणि वेळ मोजली जाते ती जोडीची. डावा बैल पहिला आणि उजवा दुसरा, असा निकाल कधी लागत नाही. (बैलाला कोण विचारतं, हा वेगळा प्रश्न, आणि लहान नाही. त्याच्यावरून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला.) फॉर्म्युला वनमध्ये जू एकच असल्यासारखं राबवून घेतात आणि निकाल मात्र दोन लावतात. मला खुपतं ते इथे.

मुलतान आठवतं? मार्च २००४. सचिन १९४ वर असताना द्रविडने डाव घोषित केला. सचिन दुखावला आणि त्याने ते लपवलंही नाही. आपल्याकडे अजून त्यावर वाद होतात. तरी मला तो निर्णय ऑस्ट्रियापेक्षा कितीतरी स्वच्छ वाटतो. डाव घोषित करायचा हक्क कॅप्टनला नियमानेच आहे आणि तो सगळ्यांसमोर वापरला गेला. राहिलेल्या सहा धावा दुसऱ्या कोणाच्या नावावर चढल्या नाहीत. आणि स्कोअरकार्डवर आजही 'नाबाद' लिहिलेलं आहे. तो थांबला नव्हता, थांबवला गेला, याची नोंद त्या एका शब्दात राहिली. बॅरिकेलोच्या नावापुढे फक्त 'दुसरा' आहे.

त्याग कोणी करूच नये असं मी म्हणत नाहीये. १९५६ मध्ये मोंझाला फेरारीच्या फांजिओची गाडी बिघडली. टीममधल्या मुस्सोने आपली गाडी द्यायला नकार दिला. पीटर कॉलिन्सला स्वतःला चॅम्पियन होण्याची संधी होती, तरी पिटमध्ये येऊन त्याने आपली गाडी फांजिओला दिली. फांजिओ चॅम्पियन झाला. दोन वर्षांनी कॉलिन्स रेसमध्येच गेला, चॅम्पियन न होता. त्याचं देणं मोठं वाटतं ते मुस्सोच्या नकारामुळे. नाही म्हणता येत होतं, हे त्याच दुपारी, त्याच पिटमध्ये दिसलं होतं.

मी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसऱ्याचं रिलीज वेळेत जावं म्हणून स्वतःचं फीचर बाजूला ठेवणारे लोक प्रत्येक टीममध्ये असतात. मी पाहिलेल्या एका अप्रेझल फॉर्ममध्ये 'काय पूर्ण केलं' याला चार रकाने होते, 'कोणासाठी काय थांबवलं' याला एकही नव्हता.

सप्टेंबर २०२५, पुन्हा मोंझा. मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसचा पिट स्टॉप लांबला आणि टीममेट ऑस्कर पियास्त्री पुढे गेला. टीमने त्याला दुसरी जागा परत द्यायला सांगितली. हळू पिट स्टॉप हा रेसचाच भाग असं आपलं ठरलं होतं ना, असं त्याने रेडिओवर विचारलं, आणि जागा दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेत तीन गुणांचा फरक असतो. डिसेंबरमध्ये नॉरिस चॅम्पियन झाला, व्हर्स्टॅपनपेक्षा दोन गुण जास्त मिळवून.

यावर मी मित्राला लांबलचक मेसेज टाकला. आदल्या वर्षी हंगेरीत नॉरिसनेही पियास्त्रीला जिंकू दिलं होतं, दोघांचा सौदा निदान रेडिओवर सगळ्या जगाने ऐकला, वगैरे. त्याचं उत्तर एका ओळीत आलं: "मंग व्हर्स्टॅपनले कोनं इचारलं होतं?"