चित्त दोरीपाशी

कॉमिक काढणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो चित्राबद्दल नसतोच. 'मग हे सगळं जमवता कधी?' असा असतो. आणि तोही बिचारा तराजू काढून बसतो. एका पारड्यात नोकरी, शेत, घर, म्हाताऱ्यांची औषधं. दुसऱ्यात कागद आणि शाई. या हिशेबात कागदाचं पारडं कायम हवेत लटकणार हे ठरलेलंच, कारण हळद शिजवायची रात्र कुणासाठी थांबत नाही आणि विजेचं बिलही थांबत नाही. मला वाटतं, इथे तराजूच चुकीचा आणला आहे. हे काही माझं डोकं नव्हे. हिंगोली जिल्ह्यातल्या एका शिंप्याने सातशे वर्षांपूर्वी ते सांगून ठेवलं आहे.

कयाधूकाठचं नर्सी हे त्या शिंप्याचं, संत नामदेवांचं, जन्मगाव मानलं जातं. जन्म 1270 चा, घरचा धंदा शिवणकामाचा. पुढे पंढरपूर, आणि त्याहून पुढे थेट पंजाबातलं घुमान. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यांतलं रामकली रागातलं एक पद मला या प्रश्नापाशी नेहमी आठवतं. पोरगा कागद कापून पतंग करतो, आभाळात सोडतो, सवंगड्यांशी गप्पाही मारतो. पण चित्त दोरीपाशी. बाया घागरी भरून हसत-खिदळत येतात; चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरायला गेलेली, चित्त वासरात. आई पाळण्यात लेकरू निजवून घरात-बाहेर राबते, चित्त लेकरात. नामदेवांना सांगायचं आहे ते नामस्मरणाबद्दल. पण त्या पदात कुणीही हातातलं काम टाकून बसलेलं नाही, एवढं आपण बघून ठेवू. सकाळचे दोन तास कामाला आणि संध्याकाळचे दोन विठ्ठलाला अशी वाटणी तिथे नाहीच. तराजूच्या जागी दोरी आहे.

त्याच ग्रंथात कबीरांचे दोहे आहेत. त्यांत संत त्रिलोचन नामदेवांना टोकतात, कापडं छापत काय बसला आहेस, देवाकडे चित्त लाव की. नामदेवांचं उत्तर असं, की हात-पाय कामात असू देत, चित्त त्याच्यापाशीच आहे.

यावर कॉमिकवाला लगेच म्हणेल, महाराज, नाम घ्यायला हात लागत नाहीत, मला लागतात. आक्षेप खरा आहे. म्हणून त्याचं काम जरा उसवून बघू. चार पानांची एक गोष्ट धरा. आधी गोष्ट सुचायला हवी. मग चौकटी पाडायच्या: कुठे गर्दी, कुठे नुसतं रिकामं अंगण, कोणतं वाक्य फुग्यात घालायचं आणि कोणतं गिळायचं. मग पेन्सिलीचं कच्चं काम, त्यावर शाई, अक्षरं, रंग. आता यातलं काय कशाला लागतं? सुचणं आणि चौकटी पाडणं यांना बव्हंशी हात लागतच नाहीत. शाई फिरवायला हात लागतो, पण रेघ आधीच ठरलेली असते. शेजारी टीव्ही चालला, पोरगं गृहपाठ विचारायला आलं, तरी निभतं. हात आणि चित्त दोन्ही पुरते मागणारं काम म्हणजे पेन्सिलीचं. दार बंद करून बसायची गरज आहे ती एवढ्याच भागाला. आपण मात्र सगळ्या कॉमिकसाठीच बंद दार मागत बसतो, आणि ते मिळत नाही म्हणून वर्ष घालवतो.

समजा वसमतकडचा एखादा तरुण आहे. घरी हळद. जूनच्या सुमाराला लावलेली हळद साधारण नऊ महिने रान अडवून बसते. मग काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश. शिजवलेली हळकुंडं उन्हात पसरली की पंधरा-पंधरा दिवस त्यांना उलटंपालटं करत राहायचं. (वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ढीग उलटायचं काम काही कमी झालं नाही.) पण त्या उन्हात त्याचे हात गुंतलेले असतात आणि चित्त मोकळं. तिसऱ्या चौकटीत आजोबा पाठमोरे दाखवायचे की समोरून, हे तिथे ठरू शकतं. नामदेवांनी घेतलेली माणसांची कामं बघा, सगळी अशीच आहेत, हात मागणारी. आज उलटं झालंय. दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या नोकरीत हात रिकामे आणि डोकं गहाण. फोन तर हातांना अंगठ्यापुरतंच काम देतो आणि चित्त मात्र सगळं नेतो. तेव्हा वेळ किती उरतो यापेक्षा दोरी कोण कापतं, हे विचारलेलं बरं.

व्यंगचित्रकार वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते. एसीसीत निवृत्तीपर्यंत नोकरी केली आणि त्याच काळात 'ललित'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं केली, जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळ' या टोपणनावाला चेहरा दिला, पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या माणसांना अंगकाठी दिली. व्यंगचित्रकाराला ते 'रेषालेखक' म्हणत. सिमेंटच्या कंपनीत राहून त्यांची रेघ दगडी झाली नाही. अभियंत्याची शिस्त त्या रेघेत उतरली असेल का? मला तसं वाटतं, पण पुरावा काही नाही.

अमेरिकेतला हार्वी पेकर आणखी पुढचा. क्लीव्हलंडच्या एका सरकारी इस्पितळात फायली लावणारा कारकून. त्याला चित्र काढताच येत नसे. काड्यांची माणसं काढून तो पान मांडायचा आणि रॉबर्ट क्रम्बसारखे चित्रकार ते रेखाटायचे. 1976 पासून 'अमेरिकन स्प्लेंडर' निघू लागलं, आणि त्यात असायचं काय, तर इस्पितळातली बोलणी, दुकानातली रांग, हरवलेली किल्ली. नोकरी त्याने 2001 मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. त्याच्याकडे हात नव्हताच, नुसती दोरी होती.

एक गोष्ट मात्र नामदेवांच्या पदात मला खुपते. त्यातल्या बाया आणि आई दृष्टांतापुरत्या येतात. लेकरू हीच जिची दोरी, तिने दुसरी दोरी कुठे बांधायची? त्याचं उत्तर नामदेवांच्याच घरात दळत होतं. गंगाखेडची जनाबाई, जातं ओढता ओढता तिने अभंग रचले. पण म्हणून घरच्यांनी 'जनाबाईला जमलं, तुलाही जमेल' म्हणत सगळं दळण सुनेपुढे ढकलायचं, असा त्याचा अर्थ लावू नये. चौकटी दळताना सुचतील, पण पेन्सिलीला लागणारं ते बंद दार तिलाही हवं, आणि ते बाहेरून कुणीतरी राखावं लागतं.

राहिला प्रश्न, चार दिवसांनी कागदापाशी परत आल्यावर दोरी सापडायची कशी. शिंपी जेवायला उठतो तेव्हा सुई डबीत ठेवत नाही. टाका जिथे थांबला तिथेच, दोऱ्यासकट, कापडात टोचून ठेवतो. पान बाजूला सारताना चौकट पुरी करायचा मोह होतो, पण तो आवरावा. आजोबांचा सदरा काढावा, टोपी काढावी, मिशा काढाव्यात. डोळ्यांची जागा कोरी ठेवून हळदीकडे जावं.